उजव्या नाकपुडीतला मुक्काम

मित्रांनो, मी एक जुना बोळा आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर कामाला लागून आज तिसरा दिवस. हसू नका! नाकातल्या बोळ्याचं आयुष्यच तेवढं. तिसऱ्या दिवशी आम्ही म्हातारे होतो, आणि म्हाताऱ्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मी स्पंज आहे. पण मला दाबून दाबून इतकं चपटं केलं होतं, की कुणालाही आइस्क्रीमची काडी वाटावी. शेपटाला एक दोरा बांधला, पाकिटात कोंबलं, आणि मंचरच्या एका छोट्या दवाखान्याच्या कपाटात मी आठ महिने पडून राहिलो. तिथं मला एकच प्रश्न छळायचा. हा दोरा कशाला? शेजारच्या कापसाला दोरा नव्हता, बँडेजला नव्हता. मग मलाच का?

परवा सकाळी एकदाचं माझं पाकीट फाटलं.

समोर टेबलावर तळेघरच्या मंगलताई झोपल्या होत्या, भूल दिलेल्या. त्यांच्या नाकात मांस वाढलं होतं. चार वर्षं बाई तोंडानंच श्वास घेत होत्या. डॉक्टरांनी दुर्बीण घालून ते मांस काढलं, चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या, म्हणजे सायनस, मोकळ्या केल्या आणि मला चिमट्यात धरून उजव्या नाकपुडीत सरकवलं. डावीकडे माझा भाऊ गेला.

काय सांगू, मित्रांनो! मला वाटलं होतं, नाक म्हणजे दोन भोकं. आत जाऊन पाहतो तर काय! अरुंद बोळ, कोनाडे, वळणं, आणि सगळीकडून ओल. कुठून एवढं पाझरतंय म्हणून मी इकडेतिकडे बघत होतो, तोच डॉक्टरांनी माझ्यावर मिठाचं पाणी सोडलं आणि मी फुगलो! फुगत फुगत ओल्या जखमेला जाऊन टेकलो. तेव्हा कळलं की माझ्या अंगात औषधबिवषध काही नाही, माझं काम नुसतं दाबायचं. मी दाबलं की बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात, रक्त तिथंच साकळतं आणि जखम धरते. मोठं काम आहे, पण करायचं गप्प बसून. माझा दोरा चिकटपट्टीनं गालावर लावला.

शुद्धीवर आल्याबरोबर मंगलताई म्हणाल्या, “ह्यो बोळा काढा आधी. जीव घुसमाटतोय माझा.”

मला फार वाईट वाटलं. ओळख होण्याआधीच हाकलायला निघाल्या.

डॉक्टर म्हणाले, “दोन दिवस तोंडानं श्वास घ्यायचा. तो आत आहे म्हणून रक्त थांबलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. पण घाट चढून तळेघरला जायचं नाही, दवाखान्याजवळच राहायचं, असं बजावून. म्हणून मंगलताई नणंदेकडे, प्रतिभाकडे, कळंबला आल्या. निघताना हर्षाली सिस्टरनं सगळं सांगितलं होतं. शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, रक्त आलं तर पुढं वाकून बसायचं आणि लगेच निघून यायचं. यादी मोठी होती, पण फुंकणीचं नाव त्यात नव्हतं.

सून कशी आहे ते बघायला सासूबाई, साळुबाई, सकाळच्या एसटीनं तळेघरहून खाली आल्या. त्यांच्या अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर ठेवलं होतं. लाकडं ओली, नुसता धूर. प्रतिभा आत भाकरी थापत होती. आता सासू दारात आलेली आणि सून नणंदेच्या घरी आयती बसून? मंगलताईंना ते बसवेना. त्या उठल्या आणि चुलीपुढं बसल्या.

“वयनी, ऱ्हाऊ द्या की,” आतून प्रतिभा ओरडली.

“फुकायला काय लागतंय!” असं म्हणून त्यांनी फुंकणी तोंडाला लावली, गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकलं.

अरे बाप रे! माझ्या पाठीमागून असा काही जोर आला की मी हादरलो. रक्तवाहिनीचं मिटलेलं एक तोंड उघडलं. मी भिजलो, पार चिंब झालो आणि माझ्या पुढच्या टोकातून रक्त ठिपकायला लागलं. थोडं घशातही उतरत होतं. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू?

साळुबाई धावत आल्या. तळेघरला कुणाच्या पोराचा घोळणा फुटला की त्याला त्यांच्याकडेच आणतात. मान मागं टाकायची, टाळूवर गार पाणी ओतायचं, कांदा फोडून नाकाशी धरायचा. चाळीस वर्षांचा हात! त्यांनी मंगलताईंची मान मागं टाकली. सगळं रक्त घशात गेलं आणि मंगलताईंना ठसका लागला.

“ह्या बोळ्यानंच नाक सोललंय,” साळुबाई म्हणाल्या. “काढूनच टाकते. दोरा तर ठिवलाय की वढायला!”

आणि त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं, पण किती वाईट वेळी! मी जखमेला घट्ट धरून बसलो होतो. मला तसंच हिसकलं असतं तर धरलेलं सगळं उकललं असतं आणि दवाखाना गाठेपर्यंत त्या बाईंच्या अंगातलं रक्त वाहत राहिलं असतं. मला हात नाहीत. मला ओरडता येत नाही. दोरा ताणला गेला.

तेवढ्यात मंगलताईंनी सासूचं मनगट धरलं.

“न्हाई, आत्या.”

वीस वर्षांत हा शब्द त्यांनी सासूपुढं उच्चारला नसावा, कारण साळुबाईंचं बोट दोऱ्यासकट तिथंच थांबलं. “अगं, लई रगत जातंय!” म्हणताना त्यांचा आवाज फुटला. राग नव्हता तो, मित्रांनो. म्हातारी मनापासून भ्यायली होती.

“जाऊ द्या. बोळा ऱ्हाऊ द्या. प्रतिभा, रिक्षा बोलीव.”

मंगलताई ताठ बसल्या, मान पुढं केली आणि तोंडात आलेलं रक्त घमेल्यात थुंकत राहिल्या. साळुबाईंनी दोरा सोडला. मग काय करावं ते न सुचून त्यांनी घमेलंच दोन्ही हातांनी धरून ठेवलं, ते मंचरला रिक्षातून उतरेपर्यंत.

मीही दाबत राहिलो. दवाखान्यात पोचेपर्यंत ठिपकणं थांबलं होतं. डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाले, “बोळा ओढला असता तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं असतं.” त्या रात्री मंगलताईंना दवाखान्यातच ठेवून घेतलं.

आज मला काढलं. आधी भिजवून मऊ केलं, मग दोरा धरून हळूहळू, अगदी हळूहळू. भावालाही तसंच. सगळे वाट बघत राहिले. एक थेंब आला नाही. मंगलताईंनी घाबरत घाबरत नाकानं श्वास घेतला, मग आणखी एक घेतला आणि तोंड मिटून रडायला लागल्या.

साळुबाई हर्षाली सिस्टरकडे वळल्या. “पोरी, घोळणा फुटल्यावर नेमकं करायचं काय? नीट सांग. मला गावात इचारत्यात.”

“पुढं वाकायचं, आजी. नाकाचा हा मऊ भाग चिमटीत धरायचा, घड्याळ लावून दहा मिनिटं. मधी सोडून बघायचं न्हाई.”

“आन कांदा?”

“कांदा भाकरीसंगं खावा.”

साळुबाईंनी तिथंच पुढं वाकून स्वतःचं नाक चिमटीत धरलं. बराच वेळ तशाच बसल्या. मग नाक सोडून सुनेला म्हणाल्या, “काल माझा हात धरलास ते बरं केलंस, बाई.”

मी ट्रेमध्ये पडून हे ऐकतोय. थोड्या वेळानं मला कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतील. मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी टाकून द्यायचीच वस्तू आहे. पण कुणाच्या गालावर असा दोरा दिसला तर त्याला हात लावू नका. आणि वीस वर्षं गप्प असलेलं माणूस एकदा ‘न्हाई’ म्हणालं, तर हात मागं घ्या आणि त्याचं ऐका.