सात पायांची कुर्ली

कुर्लीला, म्हणजे खेकड्याला, दोन डेंगे आणि आठ पाय असतात. आमच्या खाडीकाठच्या पोराला हे शाळेत शिकवावं लागत नाही. तरीही आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाच्या छातीवर जी कुर्ली आहे, तिला सातच पाय आहेत. का, असं कुणी विचारलं की गेली पंचवीस वर्षं मी एकच उत्तर देत आलो आहे. कबड्डीत सात खेळाडू, म्हणून सात पाय. ऐकणारा "वा!" म्हणतो आणि मी नम्रपणे मान खाली घालतो. ही मान खाली घालायची कला मला चांगली साधली आहे. दुसरी कुठलीच कला मला येत नाही.

मी जलाल. जेद्दाच्या शराफिया भागात माझं टी-शर्ट छापायचं आणि बिल्ले भरायचं दुकान आहे. भरतकामाची दोन मशिनं, एक हीट प्रेस आणि भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये ती पहिली जर्सी. गिऱ्हाईक आत आलं की आधी फ्रेमकडे बघतं, मग माझ्याकडे. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, माझा हुद्दासुद्धा 'डिझायनर' असा आहे. प्रत्येक वेळी इकामा नव्याने हातात आला की तो शब्द वाचतो आणि इकामा उलटा करून पाकिटात ठेवून देतो.

ती कुर्ली मी काढलेली नाही. ती सफूराने काढली.

आम्ही एकाच गावचे, एकाच वर्गातले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आमचा संघ पहिल्यांदाच चालला होता आणि क्रीडाशिक्षक हरिहर सरांनी फर्मान काढलं होतं, "जर्सीवर काहीतरी चिन्ह पाहिजे. आठ दिवसांत आणा." मी संघाचा राखीव खेळाडू, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. चिन्हाचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. सफूराची मेंदी गावात नावाजलेली होती, म्हणून मी तिला गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रॅक्टिकलच्या वहीतला एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर कुर्ली होती. डेंगे वर उगारलेले, अंग एका बाजूला झुकलेलं, चढाईला आलेल्याचा घोटा आता धरते की मग धरते अशी. बघताना माझाच पाय मागे गेला.

"माझं नाव घेऊ नको हां," ती म्हणाली. "पोरांच्या बनियनवर माझं चित्र म्हटलं की अब्बा माझं कॉलेज बंद करतील."

मी कबूल केलं. इथवर माझ्याकडून काही चुकलं नव्हतं. पण हरिहर सरांनी "कुणी काढलं रे?" विचारल्यावर मला 'गावातल्या एकाने' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "मी." सरांनी चष्मा वर करून पाय मोजले. "सातच कसे?" मलाही तेव्हाच कळलं की सात आहेत. पण तोंडातून उत्तर आपसूक निघालं आणि सरांनी खुशीत माझ्या पाठीत असा गुद्दा हाणला की आजही जाणवतो. संध्याकाळी मी सफूराला सगळं सांगितलं, मोठा पराक्रम केल्यासारखं. ती खो खो हसली. "अरे, आईने पातेल्यात कुर्ल्या ठेवल्या होत्या. एक बाहेर पडली, तिचा पाय आमच्या धाकट्याने मोडला. मी बघितलं ते काढलं!"

तेव्हा आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्यावर मी पुढची पंचवीस वर्षं काढली.

त्या जर्सीच्या जोरावर माझ्या मामूंनी मला जेद्दाला आणलं, आपल्या दुकानात बसवलं, पुढे दुकान माझ्याकडेच आलं. सफूराचं लग्न शादाबशी झालं. शादाब इथेच एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे, मनाने निर्मळ, आणि जिभेला अजिबात हाड नसलेला. त्याला दुपारच्या नमाजाला कळलेली गोष्ट असरच्या नमाजापर्यंत सगळ्या शराफियाला ठाऊक होते. दोन गल्ल्यांपलीकडे ते आणि त्यांची मुलगी इफरा राहतात. मशिनवरून निघालेल्या बिल्ल्यांचे लोंबते धागे कापायचं काम सफूरा घरी बसून करते. बारा वर्षं ती आपल्याच कुर्लीच्या पायांभोवती कात्री चालवते आहे आणि एका शब्दाने कधी बोलली नाही. माझं काम एवढंच. पिशवी न्यायची, पिशवी आणायची.

मागच्या वर्षी कॉलेजच्या नव्या प्राचार्या, शर्मिला मॅडम, यांचा फोन आला. कॉलेजला पन्नास वर्षं होत होती. कबड्डी संघ विद्यापीठात पहिला आला होता, कुर्लीचे शर्ट पोरं हौसेने घालत होती आणि बाजारात जो तो ते छापत होता. तेव्हा चिन्हाची रीतसर नोंदणी करून, परवाना असेल त्यानेच शर्ट विकायचे असं ठरलं होतं. सौदीतला परवाना मला. जेद्दा, रियाध, जुबैल, जिथे जिथे आमचे माजी विद्यार्थी संघ आहेत तिथे शर्ट माझ्याच दुकानातून जाणार.

"फक्त मूळ चित्रकाराचं एक प्रतिज्ञापत्र लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमचं नाव आम्ही प्रत्येक शर्टाच्या आतल्या लेबलवर छापणार आहोत. कलाकाराचा मान राहिला पाहिजे."

मी म्हणालो, "कशाला मॅडम, एवढं काय त्यात." पण नको, असं नाही म्हणालो.

तेवढ्यात रियाधहून कुणीतरी फोटो पाठवला. तिथल्या मलाझ भागातल्या एका दुकानात आमची कुर्ली टांगलेली, पण नीट आठ पायांची. छापणाऱ्याला वाटलं असेल, मूळ चित्रात चूक आहे. मी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'सात पाय ती खरी. आठ दिसले की नकली समजा.' साठ-सत्तर अंगठे आले. मला फार बरं वाटलं. काय माणूस आहे मी!

प्रतिज्ञापत्र आलं. 'सदर चित्र मी स्वतः, अन्य कुणाच्याही साहाय्याशिवाय रेखाटले असून...' तीन दिवस तो कागद खणात पडून होता. चौथ्या दिवशी मी बिल्ल्यांची पिशवी घेऊन सफूराकडे गेलो. सांगून मोकळं व्हायचं, असं जिना चढताना पक्कं ठरवलं होतं. शादाब ड्युटीवर होता, म्हणून ती दारातच उभी राहिली आणि मी जिन्यावर.

"कॉलेज कुर्लीची नोंदणी करतंय," मी म्हणालो.

"कळलं मला. शादाबनेच सांगितलं." तिने पिशवी घेतली. "कागदावर नाव कुणाचं?"

मी पिशवीकडे बघत राहिलो. उत्तर तिला मिळालं.

"असू दे, जलालभाई. मला मिरवायचं नाही. पण माझं एक काम करा. शादाबला एकदा सांगा, ती मी काढली म्हणून."

"शादाबभाईंना? आत्ता कशाला?"

"इफरासाठी. तिला डिझाइनच्या कॉलेजात जायचंय. दिवसभर वही घेऊन बसते. हा म्हणतो, आपल्या खानदानात कुणी कधी रेघ ओढली नाही, हिचं काय जमणार, बी. कॉम. कर. मी एकदा म्हणून बघितलं की कुर्ली माझी होती. तर हसला. म्हणाला, 'आता जलालभाईंच्या कुर्लीवर तूपण हक्क सांगणार?'" ती स्वतःही थोडं हसली. "माझं ऐकून हसतो. तुमचं ऐकेल. आता अब्बा पण नाहीत, कोण काय बोलणार आहे?"

"सांगतो," मी म्हणालो. "नक्की सांगतो."

जिना उतरता उतरता मला शादाबची जीभ आठवली. शादाबला सांगायचं म्हणजे ग्रुपवर सांगायचं. ग्रुपवर म्हणजे शर्मिला मॅडमना. परवाना जाईल, ते एक वेळ चालेल. पण ती फ्रेम भिंतीवरून उतरवताना सगळे माझ्याकडे कसे बघतील? दुसऱ्या दिवशी मी सही केली. काही झालं नाही. पेन चाललं, कागद गेला.

त्यानंतरच्या शुक्रवारी, जुम्म्यानंतर, शादाब स्वतःच दुकानात आला. बरोबर इफरा. तिच्या छातीशी एक जाडजूड वही.

"जलालभाई, आज तुम्हीच निकाल लावा," तो म्हणाला. "ही रोज डोकं खाते आणि हिची आई हिला सामील. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही कलाकार माणूस. हिच्या हातात असेल तर मी नाही अडवणार, खुदा की कसम. तुम्ही म्हणाल ते खरं."

इफराने वही काउंटरवर ठेवली. "अंकल, प्लीज बी ऑनेस्ट," ती म्हणाली.

मी पानं उलटली. धागे कापणारे हात होते. चहाच्या टपरीवरचा यमनी म्हातारा होता. बाल्कनीतल्या दोरीवर वाळणारा युनिफॉर्म होता, त्यात वारा भरलेला. सगळं एका बाजूला झुकलेलं, आत्ता हलेल असं. ती रेघ मी ओळखली. पंचवीस वर्षं मी ती मशिनवरून गिरवत आलो होतो. आंधळ्यालाही कळलं असतं की ही कुणाची पोरगी आहे.

मला एवढंच म्हणायचं होतं, 'शादाबभाई, हे रक्तातलं आहे.' पुढचा प्रश्न काय येणार ते मला ठाऊक होतं. रक्तातलं? कुणाच्या?

"हात बरा आहे," मी म्हणालो. वही मिटली. "छंद म्हणून छान. पण या धंद्यात एवढं पुरत नाही, शादाबभाई. देणगी लागते."

शादाबने मोठा श्वास सोडला, सुटल्यासारखा. "बघ, आता तरी पटलं?" तो प्रेमानेच तिला म्हणाला. इफराने वही उचलली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला सगळ्यात जड गेलं. "थँक्स अंकल," ती म्हणाली, "निदान खरं तरी सांगितलंत." त्या दिवशी मी हीट प्रेसवर चार शर्ट जाळले आणि मशिनला शिव्या घातल्या.

सफूराकडे पिशव्या जात राहिल्या, येत राहिल्या. तिने मला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. भांडायला हवं होतं. मी जिन्यात उभं राहून मनातल्या मनात तिला तशी विनवणी करायचो. ती पिशवी घ्यायची, बिल्ले मोजून द्यायची आणि दार लावायची.

इफराचा प्रवेश आमच्याच कॉलेजात झाला, बी. कॉम.ला. शादाबचे आईवडील तिथून जवळच राहतात. जाण्याच्या दिवशी सकाळी मी विमानतळावर गेलो. न जाऊन चाललं असतं, पण शादाबने आग्रहाने बोलावलं होतं. "तुमच्याच कॉलेजात चाललीय," तो म्हणाला. "दुआ द्यायला या."

इफरा ट्रॉलीला टेकून उभी होती. अंगात कॉलेजचा निळा शर्ट, माझ्या दुकानातला, मीच भेट दिलेला. आतल्या लेबलवर माझं नाव. छातीवर कुर्ली. सवयीने माझी नजर पायांवर गेली, दुकानदाराची नजर ती. सात. आणि मागे, जिथे पंचवीस वर्षं रिकामी जागा होती, तिथे आठवा पाय. मशिनचा नव्हे, हाताने भरलेला. बाकीचे सात त्याच्यापुढे छापील वाटत होते.

इफराने माझी नजर बघितली आणि झटकन त्या जागेवर हात ठेवला. "सॉरी अंकल," ती गडबडून म्हणाली. "मम्मीने रात्री बसून केलं. मी बोलले तिला, सेव्हनच असतात, सेव्हन प्लेअर्स, अंकलनी विचार करून काढलंय. ती बोलली, एक पाय राहिला होता. म्हणजे काय, अंकल?"

सफूरा दोन पावलांवर होती. ती पासपोर्टचं पाकीट पुन्हा पुन्हा तपासत होती. शादाबही जवळच होता, त्याची जीभही जागेवर होती. एक वाक्य बोलायचं होतं. इफराच्या विमानाला अजून दोन तास होते आणि कागद, प्रवेश, फ्रेम, लेबल, सगळं बदलता आलं असतं.

"काय माहीत," मी म्हणालो. "घाईत केलं असेल."

सफूराचा पाकीट तपासणारा हात थांबला. तिने वर बघितलं नाही. मग पाकीट मिटून तिने ते इफराच्या पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

"पण असं लोगोत काही अ‍ॅड करायचं नसतं ना?" इफराने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. "तिथे सगळे बोलतील डुप्लिकेट आहे. तुमची परमिशन लागते ना? मम्मीला माहीत नव्हतं, अंकल. तिच्यावर रागावू नका."

शादाब हसला. "द्या ना भाई परमिशन, आईचा जीव आहे!"

ते सगळे माझ्याकडे बघत होते. सफूराही, आता पहिल्यांदाच.

"चालेल," मी म्हणालो. "माझी हरकत नाही."

"थँक यू, अंकल," इफरा म्हणाली.