बझर बंद करणारा हात

ज्योतीरामच्या हाताला एक खोड होती, आणि ती त्याने चाकणच्या कंपनीत कमावली होती. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या मशीनवरचे सेन्सर असे नाजूक, की तेलाचा थेंब उडाला तरी बझर कोकलायचा. मग मशीन थांबणार, प्रॉडक्शन बोंबलणार, सुपरवायझर अंगावर येणार. म्हणून लाइनवरचा प्रत्येक गडी आधी बटण दाबून बझर गप्प करी आणि कारण मागाहून बघे. तेही वेळ मिळाला तर.

आता तो थेरगावातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत बायकोच्या पलंगाशी उभा होता. टेम्पोने स्वप्नालीच्या स्कूटीला उडवलं होतं. पोटात मार लागला होता, सकाळीच ऑपरेशन झालं होतं. आतून पुन्हा रक्त वाहू नये, एवढीच सगळ्यांना धास्ती होती. तिच्या मानेवर एक चपटी पट्टी चिकटवली होती आणि तिची वायर शेजारच्या छोट्या पडद्याला जोडली होती.

"ही सोनोग्राफीच आहे दादा, अंगावर लावून ठेवायची," मिनल सिस्टर म्हणाली. "डोक्याकडे रक्त किती जातंय ते बघत राहते. आत रक्तस्राव झाला, तर बीपी पडायच्या आधी हीच ओरडते."

पडद्यावर लाटा उठत होत्या. देवापुढेही ज्योतीराम कधी इतका एकाग्र झाला नव्हता.

तेवढ्यात बझर वाजला. तो दचकून मागे सरला. सिस्टर धावत आली, बटण दाबलं आणि चक्क हसली. "मान वळवली त्यांनी. पट्टी सरकलीय." तिने जेल लावून पट्टी नीट बसवली, लाटा परत आल्या. म्हणजे इथलेही सेन्सर आपल्या कंपनीसारखेच, असं वाटून त्याला जरा धीर आला. तो धीरच नडला.

सिस्टर पलीकडच्या पेशंटच्या घशातली नळी साफ करत असताना बझर पुन्हा वाजला. "आले हं!" ती म्हणाली. पण ज्योतीरामचा उजवा हात आपसूक पुढे गेला आणि त्याने बटण दाबलं. बझर थांबला म्हणून तिनेही मान वर केली नाही. त्याने पट्टी चाचपून पाहिली. ती घट्ट चिकटलेली होती. स्वप्नालीची मान हललीच नव्हती. वरच्या मोठ्या मॉनिटरवर बीपी ठीक दिसत होतं, पण छोट्या पडद्यावरच्या लाटा बसत चालल्या होत्या.

सांगावं तर मशीनला हात लावला म्हणून हाकलून देतील. असा विचार आपल्या मनात आलाच कसा, याची त्याला शिसारी आली आणि तो ओरडला, "सिस्टर! बझर मी बंद केलाय! पट्टी न्हाई सरकली, रक्तच कमी झालंय!"

मग एकच धावपळ उडाली. डॉक्टर आले, पलंगासकट तिला थिएटरात नेलं. बाहेर बाकावर ज्योतीराम बसून राहिला. शेजारच्या बाईने दिलेला पाण्याचा ग्लास त्याने तसाच बाकावर ठेवला. अखेर सिस्टर बाहेर आली. "आतला टाका सुटला होता. वेळेत सापडलं, दादा," ती म्हणाली. ते 'वेळेत' त्याला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्नालीने डोळे उघडले. मानेवर पट्टी होती, पडद्यावर लाटा होत्या. ती चादरीवर चाचपत नवऱ्याचा हात शोधू लागली. ज्योतीरामने उजवा हात पाठीमागे धरला आणि डावा तिच्या हातात दिला.