कडूकंदाला पाणी

त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात साळूबाईची लेक मालन बाळंत होऊन अकोले तालुक्याच्या डोंगरपट्टीत माहेरीच होती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तिच्या पोटात ठरेना आणि अंगावरचं दूध आटत चाललं. म्हणून साळूबाई डोंगरात गेली. वाळल्या वेलाचा माग काढून तिनं कडूकंद खणला. वेलाकडचं डोकं तेवढं कापून, पुन्हा फुटावं म्हणून परत खड्ड्यात बसवलं, वर माती लोटली. पाऊस आपली रीत चुकवतो म्हणून माणसानंही चुकवावी असं काही नाही.

कडूकंद नावाला जागतो. चकत्या राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि बांबूच्या पाटीत भरून रातभर ओढ्याच्या धारेत ठेवायच्या, की कडूपणा वाहून जातो. कुठं जातो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण ओढा दिवाळीलाच आटलेला. पाणी होतं ते टँकरनं विहिरीत ओतलेलं, गुडघाभर.

दिवस मावळताना साळूबाईनं उकडलेल्या चकत्यांची पाटी दोरानं विहिरीत सोडली. एवढ्या पाण्यात एवढासा कंद काय करणार!

सकाळी शेजारच्या चांगुणेनं पहिली कळशी ओढली, चूळ भरली आणि थुंकली. मग दोर दिसला, दोराला पाटी.

“कुनाची गं ही?”

“माझी,” साळूबाई म्हणाली. “मालनीसाठी.”

“मालनीला कंद, आन् आमाला काढा व्हय?”

“टँकर परवा,” मागून कुणीतरी म्हणालं. “तवर सगळं गाव बाळंतीन!”

हसलं कुणीच नाही.

“मला विहिरीवर येऊ देऊ नका,” साळूबाई म्हणाली. “पन तिला घोटभर द्या.”

चांगुणेनं पाटी वर ओढली. पाटीतली एक चकती चावली. तोंड कसनुसं झालं, तरी गिळली.

“अजून लई कडू हाय. साचल्या पान्याला कुठला जोर? आनखी एक रात लागंल.”

“काढते, बाई.”

“काढून काय करती? पानी नासायचं ते नासलं. आता कंद तरी खान्याजोगा होऊ दे.”

आणि तिनंच पाटी परत खाली सोडली.

गाव तेच पाणी प्यालं. तिसऱ्या प्रहरी साळूबाई बघायला गेली, तर विहिरीत आणखी चार दोर, दर दोराला कंदाची पाटी. कुणी कुणाला विचारलं नाही. एक दोर चांगुणेच्या बैलाचा होता. बैल पौषातच बाजारात गेला होता.

दुसऱ्या सकाळी साळूबाईनं मीठ लावून दोन चकत्या मालनीपुढं ठेवल्या आणि तिच्या तोंडाकडं बघत बसली.

“कडू लागतंय का गं?”

“लागतंय थोडं,” मालन म्हणाली आणि ताटली पुढं सरकवली. “आनखी वाढ.”