अदलाबदलीचं कलम

गाडी माझ्या साडूकडे होती, हा त्या गाडीत मला दिसणारा पहिला दोष. दुसरा सापडायला दोन वर्षं गेली.

शंभर सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल, हिरवी टाकी, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. मुळात ती उस्तादांची गाडी. त्यांच्या दुकानात मी अठरा वर्षं हात काळे केले. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि मुलीकडे राहायला गेले. जाताना सगळी हत्यारं मला दिली, आणि गाडी दिली माझ्या साडूला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा धंद्याने शिंपी. रविवारी आमच्या क्लबात मातीत गाड्या उडवायला यायचा, तेवढीच त्याची आणि उस्तादांची ओळख. "तू दुरुस्त करणारा आहेस, तो चालवणारा आहे," उस्ताद मला म्हणाले. मी मान डोलावली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

त्यानंतर शिंपी जिंकतच सुटला. क्लबची कुठलीही शर्यत असो, पहिला तोच. सासूबाई मला जेवायला वाढता वाढता सांगायच्या, "धाकटे जावई पुन्हा पहिले आले हो!" जणू मी तिथे नव्हतोच, जणू दुसरा कोण आला हे विचारण्याची काही गरजच नव्हती. दुसरा मी असायचो. "गाडी चांगली आहे," एवढंच मी म्हणायचो आणि मान खाली घालून जेवायचो. ती गाडी कुणालाही द्या, तो पहिला येईल, अशी माझी पक्की खात्री होती. दोन वर्षं मी त्या खात्रीवर काढली.

एकदा तो गाडी घेऊन माझ्या दुकानात आला होता. "दादा, जरा बघता का हिला?" मी हातातलं काम सोडलंसुद्धा नाही. "उस्तादांनी तुला दिलीय ना? मग तूच बघ." बिचारा गाडी ढकलत परत गेला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

गेल्या वर्षी आमच्या क्लबच्या अध्यक्षांच्या मनात एक कल्पना आली. अध्यक्ष म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शर्यतीत नव्या, उंच, महागड्या गाड्या यायला लागल्या होत्या आणि जुन्या, छोट्या गाड्यांची माणसं दोरीबाहेर उभं राहून बघायला लागली होती. मास्तरांना जुन्या छोट्या गाड्यांचा वेगळा गट हवा होता. खर्च कमी, हसणं जास्त. "नियम एका पानात बसले पाहिजेत," ते म्हणाले. "दुसरं पान लागलं की वकील लागतो." लिहायचं काम माझ्यावर आलं, कारण मी मेकॅनिक.

बैठक माझ्याच दुकानात झाली. तेलाचे डबे उलटे करून सगळे बसले. पहिले नियम भराभर ठरले. गाडी तीस वर्षांहून जुनी हवी, इंजिन एकशे पंचवीस सीसीच्या आत, ब्रेक ड्रमचेच. शर्यतीसाठी बनवलेले नवे सुटे भाग चालणार नाहीत. हेल्मेट आणि घोट्याच्या वर जाणारे बूट सक्तीचे, त्यात थट्टा नाही. सुरुवातीला गाड्या बंद ठेवायच्या, शिट्टी वाजली की पळत येऊन किक मारायची. या शेवटच्या नियमावर सगळे खूश झाले, कारण आमच्यातल्या निम्म्यांना पळून बरीच वर्षं झाली होती.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. "गाडी आणि चालवणारा मिळून किमान वजन ठरवू. कमी भरलं तर वाळूच्या पिशव्या बांधायच्या."

शिंपी म्हणजे अंगावर कपडा टाकायला पुरेल एवढाच माणूस. मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे. "हा नियम कुणाच्या मापाचा आहे?" सगळे हसले. मी ती ओळ खोडली.

"बरं, पुढच्या ब्रेकच्या ड्रमचं जास्तीत जास्त माप लिहू." मी आकडा सांगितला.

"आकडा कुठून आला?" मास्तर.

"असाच."

शिंपी निरागसपणे म्हणाला, "माझ्या गाडीचा त्याहून अर्धा इंच मोठा आहे, दादा. बदलून घेऊ का?"

माझे कान तापले. मास्तरांनी स्वतःच्या पेनाने ती ओळही खोडली.

सातवं कलम मला तेव्हा सुचलं. खरं सांगायचं तर सुचलं नाही, पोटातून वर आलं. पहिली फेरी झाली की कुणालाही, आपल्या लगेच पुढे आलेल्याची गाडी दुसऱ्या फेरीसाठी मागता येईल, आणि त्याने नाही म्हणायचं नाही. "असं केलं की गाडीवर कुणी गुपचूप पैसा ओतणार नाही," मी समजावलं. "ओतला तरी दुसऱ्या फेरीत तिच्यावर दुसराच बसेल."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. सगळ्यांना कल्पना आवडली, आणि सगळ्यात जास्त शिंप्याला. "काय डोकं आहे दादा तुमचं!" त्याचं ते मोकळं हसणंही माझ्या डोळ्यांत खुपलं. जिंकणाऱ्याला असं हसायला काय जातं?

घरी बायकोने पान वाचलं. "हे सातवं कलम कुणासाठी शिवलंत?"

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी शिवलेला कपडा एकाच्याच अंगाला इतका नेमका बसत नाही," ती म्हणाली आणि पान माझ्यापुढे ठेवून दिलं. उस्तादांच्या गाडीवर मी पहिला आलो की आपोआप सगळ्यांना कळणार होतं, ही दोन वर्षं कोण जिंकत होतं ते, माणूस की गाडी.

शर्यत बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर होती. अकरा गाड्या आल्या. पहिल्या फेरीत मी जीव तोडून चालवली, पहिला येण्यासाठी नव्हे, दुसरा येण्यासाठी. तिसऱ्याने शेवटच्या वळणावर मला जवळपास गाठलंच होतं. पण शिंपी पहिला, मी दुसरा. हेल्मेट काढायच्या आधी मी मास्तरांकडे गेलो. "सातवं कलम. मला हिरवी हवी."

शिंप्याने गाडी लगेच माझ्यापुढे आणून उभी केली. मी माझी लाल गाडी त्याच्या हातात दिली.

"दादा, उजव्या वळणाला जरा—"

"मला गाडी शिकवू नकोस," मी म्हणालो.

शिट्टी वाजली. आम्ही पळालो. हिरवी पहिल्याच किकला सुरू झाली. उस्तादांचा आवाज होता तो, अठरा वर्षं ऐकलेला. पहिल्या वळणाला मी सगळ्यांच्या पुढे होतो. ते वळण डावीकडचं होतं.

मग उजवीकडचं आलं, आणि गाडी वळेना. हँडल डावीकडे ओढत होतं, हट्टी जनावरासारखं. मी पूर्ण अंग उजवीकडे टाकलं तेव्हा कुठे ती नाखुशीने वळली, तीही मैदानाची पार कड धरून. तोवर चौघे आतून निघून गेले. सरळ रस्त्यावरही तेच. दोन्ही हातांनी धरून ठेवली तरच सरळ. तिसऱ्या वळणापर्यंत मला निदान झालं होतं. चेसीची मान वाकलेली होती, हँडल बसतं तिथेच. थोडीशी, पण पुरेशी. एखाद्या जुन्या पडण्यात वाकली असणार. जिगवर, म्हणजे चेसी सरळ करायच्या लोखंडी सांगाड्यावर चढवली, तर माझ्या दुकानात एका दुपारचं काम.

आणि या वाकड्या गाडीवर हा माणूस दोन वर्षं जिंकत होता.

मैदानाच्या उरलेल्या चकरा मी कशा काढल्या ते आठवत नाही. आठवतो तो माझ्याच लाल गाडीचा आवाज, माझ्या हाताने जुळवलेला, लांब पुढे, सुतासारखा सरळ जाणारा. मी सातवा आलो. शिंपी इतका आधी आला होता की मी थांबलो तेव्हा त्याचं हेल्मेट काढून पाणी पिऊन झालं होतं.

माझ्या मनगटांतून कळा येत होत्या. मी हात मागे घेतले.

"दादा, काय गाडी ठेवलीय!" तो धावतच आला. "दोन बोटांनी धरली तरी सरळ! मला माहीतच नव्हतं गाडी अशी असते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगा. हिरवी तुम्हालाही डावीकडे ओढत होती का? मला ती सारखी ओढते. दुसऱ्या दिवशी कात्री धरवत नाही, मनगट शेकावं लागतं. मला वाटायचं माझंच काही चुकतंय. तुम्ही सांगाल ते खरं."

भोवती सगळे उभे होते, मास्तरही होते. एवढंच म्हणायचं होतं, हो, ओढते, मान वाकलीय, दुपारी आण. पण ते म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात हार घालणं होतं. माझी ती खात्री, तिचं मग काय उरलं असतं?

"नाही," मी म्हणालो. "सरळ चालते."

"मग सातवे कसे आलात?" मास्तरांनी विचारलं.

"गिअर चुकला. माझीच चूक."

शिंपी रुसला नाही, त्याने नीट विचार केला. मग त्याने हिरव्या टाकीवर हात ठेवला. "म्हणजे तुमच्या हातात सरळ चालते आणि माझ्या हातात नाही. तिला तुमचाच हात कळतो, दादा. उस्तादांचं चुकलं. तुम्हीच ठेवा ही."

"अरे, तसं नाही—"

"मला तुमची लाल द्या फक्त. तिच्यावर हात दुखत नाही. खरं सांगतो, या हातांपायी मी हे रविवारचं सोडायच्या विचारात होतो."

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, शेवटी ज्याची त्याला मिळाली. माझी बायको दोरीपलीकडे उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

तर आता हिरवी माझ्याकडे आहे. दुकानात भिंतीला लागून उभी असते. मान सरळ करायची तर ती जिगवर चढवावी लागेल, आणि माझं दुकान रस्त्यावर उघडतं. शिंपी रोज दुपारी चहाला येऊन बसतो. तो बघणार, आणि तो मूर्ख नाही. म्हणून मी ती तशीच चालवतो, सातवा येतो, आठवा येतो, आणि गिअर चुकल्याचं सांगतो. तो माझ्या लाल गाडीवर पहिला येतो, पूर्वीपेक्षा लांबच्या अंतराने. तिच्या इंजिनाचं प्रत्येक काम अजून मीच करतो, कारण तो आणून देतो आणि माझ्यावर विश्वास ठेवतो. आता मला त्याचा हेवा जास्त वाटतो की माझ्याच जुन्या गाडीचा, ते कळत नाही.

एक वाक्य बोललो की मी सुटेन, हे मला कळतं. चहा पिताना ते कितीदा तरी जिभेवर येतं. पण त्यासाठी आधी त्याला सांगावं लागेल की दोन वर्षं तू वाकड्या गाडीवर सगळ्यांना हरवलंस, मला धरून. तेवढं मात्र माझ्या तोंडून अजून निघत नाही.