उपासाच्या दिवशीची गोळी

बीपीच्या पट्ट्यातली हवा सोडताना होणारा तो बारीक, लांबत जाणारा आवाज ऐकला, की मला सकिना आपाच आठवतात. कार्तिकातलं कोवळं ऊन जळगाव जामोदच्या त्यांच्या ओसरीवर उतरलेलं असायचं, आणि समोर बसलेल्या माणसाच्या मनगटावर त्या निवृत्त नर्सची हाडकुळी, स्थिर बोटं विसावलेली असायची. आकडा सांगण्याआधी त्या माणसाकडे निरखून पाहायच्या. एवढं साधं पाहणंही आता दुर्मीळ झालं आहे.

मी इथल्या एका साप्ताहिकात आरोग्याचं सदर लिहितो. उच्च रक्तदाबावर मी काय कमी लिहिलं? रक्त गाळणारी मूत्रपिंडांतली सूक्ष्म जाळी, तिच्यावर वर्षानुवर्षं पडणारा वाढीव दाब, काहीही न दुखता तिचं झिजत जाणं. आणि गोळी रोजच का घ्यायची, कारण आजच्या गोळीचा अंमल उद्यासाठी शिल्लक राहत नाही. माझी आई स्वतः रक्तदाबाच्या गोळ्यांवर होती; ते प्रत्येक सदर ती चष्मा पुसून वाचायची, कात्रण जपून ठेवायची. तरी तिच्या पायांवर सूज आली, आणि दोन्ही मूत्रपिंडं बरीचशी निकामी झाल्याचं कळलं. डॉक्टर बदलले, कागदांची थप्पी वाढली. गोळ्या घेता ना, असं सगळ्यांनीच मान वर न करता विचारलं. आई हो म्हणायची.

आपा तिला बघायला घरी आल्या, तेव्हा त्यांनी वेगळंच विचारलं.

"माय, उपास कोनकोनते धरता तुमी?"

आईने हौसेने यादी सांगितली: सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस.

"अन् त्या दिशी गोळी?"

"उपासाले गोळी चालते का कुठी, आपा?"

आपांचा चेहरा उतरला. रमजान जवळ आला की त्या आपल्या मोहल्ल्यातही घरोघर हेच विचारत फिरायच्या, डॉक्टरांकडून गोळ्यांसाठी सहरी-इफ्तारची, म्हणजे रोजा धरण्याआधीची आणि सोडतानाची, वेळ ठरवून आणायच्या. माझ्याकडे वळून, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "तुमी तं पेपरात लिहिता, भाऊ. इतक्या वर्षात आपल्या मायले इचारलं काऊन नाही?"

मला संताप आला, पण त्यांचा नव्हे. दोन मिनिटांत रुग्ण उरकणाऱ्यांचा आला, आणि त्याहून जास्त माझ्या विद्वत्तेचा आला. या जिल्ह्यात किती बाया गुरुवार धरतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याने इथे औषध लिहून देऊ नये. आणि ठाऊक असूनही जो विचारत नाही, त्याने सदर लिहू नये.

आई जाऊन दोन वर्षं झाली. आपाही मुलाकडे मलकापूरला गेल्या. काळ दुःख बोथट करतो म्हणतात, करतही असेल. पण आठवणीत आई अजून स्वयंपाकघरात उपासाची भगर शिजवते आहे, मी पलीकडच्या खोलीत रक्तदाबावर लिहीत बसलो आहे, आणि आमच्यामध्ये फक्त एक दार आहे, तेही उघडं.