सहदेवनं धाडलेलं दीपगृह

अकोल्याजवळ भगवंतरावांची काळी, कपाशीची जमीन होती. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण बंदरांवरच्या दीपगृहांची चित्रं जमवायचा त्यांना नाद होता. एकाच पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन सारखे फोटो. लाकडी दुर्बिणीतून पाहिले की त्यांचा एक होई आणि दीपगृह हात लावावा इतकं जवळ उभं राही. एकेचाळीस जमली होती. मुंबई बंदराचं मात्र मिळत नव्हतं.

१९१७ साली भाजी विकणाऱ्या मनकर्णाबाईच्या हातात त्यांना ते दिसलं. तिचा मुलगा सहदेव महायुद्धावरच्या मजूर पलटणीत इराकमध्ये बसऱ्याला गेला होता. बोटीवर चढण्याआधी त्यानं मुंबईत ते विकत घेतलं, मागं कोणाकडून तरी चार ओळी लिहून घेतल्या आणि पाकिटात घालून आईला धाडलं. ती ते वाचून घ्यायला आली होती.

भगवंतरावांनी वाचून दाखवलं. मग म्हणाले, "तुमच्या घरी याले वाळवी लागन. माह्याजोळ राहू द्या. पाह्यावं वाटलं का येत जा."

"बरं, भाऊसाहेब," ती म्हणाली.

ती दोनदा आली. दोन्ही वेळा त्यांनी कामाचं निमित्त सांगून तिला परत पाठवलं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा अमरावतीचे वकील खुशालराव ओसरीवर संग्रह पाहत बसले होते.

"हे कुठं गावलं?"

"मुंबईहून मागवलं. एका व्यापाऱ्याकडून."

खुशालरावांनी पुठ्ठा उलटला. "मांगं काय खरडलं हाय? 'आई, काळजी करू नको'..."

"असन कोन्या मजुराचं."

"मजुराचंच हाय," पायरीवरून आवाज आला. "माह्या सहदेवचं."

टोपली मनकर्णाबाईच्या डोक्यावरच होती. चित्र तिच्या हाती द्यावं, एवढंही भगवंतरावांना सुचलं नाही. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्र आणि दुर्बीण घेऊन तिच्या वाडीत गेले. ती वांगी तोडत होती. माफीचं वाक्य वाटेत जुळवलं होतं, ते तोंडातून निघेना. चित्र दुर्बिणीत बसवून त्यांनी ती नुसती पुढं केली. तिनं पदराला हात पुसले, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"आंदर मानूस राह्यते का?"

"राह्यते. दिव्याची राखण करते."

"मंग सहदेवची बोट जातानी त्यानं पाह्यली असन."

"असन."

तिनं चित्र ठेवून घेतलं, दुर्बीण परत केली. "हे न्या. तुमच्या कामाची हाय."

ती रागावली असती तर परतीची वाट त्यांना सोपी गेली असती.

सहदेव दीड वर्षानं सुखरूप परतला. सगळं गाव त्याला भेटून आलं. भगवंतराव गेले नाहीत. पुढं बाजारात तो समोरून "रामराम, भाऊसाहेब" म्हणत आला की ते मान हलवत आणि काही काम नसताना बाजूच्या गल्लीत वळत.