नळातल्या मुंग्या

बाथरूमच्या नळाला करंट आहे असं सासूबाईंनी सांगितलं, तेव्हा सगळ्या जाणत्या माणसांनी नळ सोडून सासूबाईंची तपासणी केली.

पहिला आला वायरमन. त्याला बोलावलं होतं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकांनी, त्यामुळे तो मालकांच्या सवडीने, भर दुपारी उगवला. होल्डर फुटो, वायर जळो, हा माणूस काळी चिकटपट्टी गुंडाळून निघून जायचा. म्हणून भाडेकरू त्याला पट्टीवाला म्हणत. त्याने नळाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला नाही. "काही नाही, कोरडा आहे," असा निकाल देऊन, आलोच आहोत तर म्हणून, दिवाणखान्यातल्या एका धडधाकट बटणाला त्याने पट्टी गुंडाळली.

मग स्वतः मालक आले. "आजी, या वयात हाताला मुंग्या यायच्याच," ते म्हणाले. मालक स्वतः त्याच वयाचे होते, पण ज्याचं घर त्याचं वय कमी असतं.

मग डॉक्टर. त्यांनी सासूबाईंना आज वार कोणता ते विचारलं. सासूबाईंनी बरोबर वार सांगितला आणि वर "तुम्हाला माहीत नाही का?" असं विचारलं. डॉक्टरांनी कागदावर 'चिडचिड' असं लिहिलं आणि नसांच्या गोळ्या दिल्या.

शेवटी मुलगा. तो शिकलेला असल्यामुळे त्याने प्रयोग केला. ऑफिसला जाण्याआधी, पहाटेच्या अंघोळीला, रोज नळ घट्ट धरून पाहिला. काही झालं नाही. सासूबाई अंघोळ सोडून ओल्या फडक्याने अंग पुसू लागल्या, तेव्हा त्याने दूरच्या शहरात राहणाऱ्या थोरल्या भावाला फोन केला. "आईला आता पाण्याचीही भीती वाटते रे," तो हळू आवाजात म्हणाला. हळू म्हणजे फक्त सासूबाई बसल्या होत्या त्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतकं. थोरल्याकडे मागची खोली रिकामी होती. सासूबाईंचं तिकीट निघालं. परतीचं नाही.

"हवापालट गं," मुलगा बायकोला म्हणाला.

सून कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. 'यंत्रात दोष नाही, आपल्या वापरण्यात आहे', 'आमचा माणूस आला तेव्हा सगळं व्यवस्थित होतं', 'असं दुसऱ्या कुणाला होत नाही' ही वाक्यं ती रोज गोड आवाजात ओळीने म्हणायची आणि त्याचा पगार घ्यायची. तीच वाक्यं आता तिच्याच घरात फुकट वाटली जात होती. पट्टीवाला, मालक, डॉक्टर, नवरा: सगळे जणू तिच्याच शेजारच्या खुर्चीवरून बोलत होते.

निघायच्या दिवशी सकाळी नवरा आईची बॅग भरत होता. सून सासूबाईंच्या समोर जाऊन बसली.

"आई, झटका बसतो तेव्हा घरात काय काय चालू असतं?"

"काही नाही. तुम्ही दोघं गेल्यावर मी पंखासुद्धा लावत नाही."

"नीट आठवा. कसला आवाज? कसला वास?"

सासूबाईंनी डोळे मिटले. "वर मालक गात असतात. त्यांची अंघोळ उशिराची."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"अगं, मला सगळ्यांनी वार विचारला. गाणं कुणी विचारलं?"

नवऱ्याने बॅगेतून डोकं वर काढलं. "आता गाण्याने करंट येतो का?"

"तू गप्प बस आणि टेस्टर आण," सून म्हणाली.

तिघं बाथरूमच्या दारात उभी राहिली. बराच वेळ काही नाही. मग वर पाण्याचा आवाज झाला आणि मालकांनी तान घेतली. सुनेने टेस्टर नळाला टेकवला. दिवा लागला. चांगला लालभडक लागला.

"आपलीच कुठली तरी वायर असेल," नवरा म्हणाला.

सुनेने जाऊन मेन स्विच खाली ओढला. फ्रिज गचका खाऊन थांबला, घर चिडीचूप झालं. ती परत आली, टेस्टर टेकवला. दिवा तसाच. त्यांच्या घरात विजेचा थेंब नव्हता आणि नळ मात्र जिवंत होता.

ती अनवाणीच वर गेली. मालकांचं बाथरूम नुकतंच नवं केलेलं होतं. त्यातले प्लॅस्टिकचे पाइप त्यांनी सगळ्या भाडेकरूंना बोलावून दाखवले होते. मालक टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि त्यांना बाजूला सारून ती आत शिरली. गिझर तापत होता. त्याची अर्थिंगची हिरवी वायर जमिनीत जायच्याऐवजी भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. वर काळी चिकटपट्टी, व्यवस्थित, तीन पदरी. तो पाइप मालकांच्या कामाचा राहिला नव्हता. तो फक्त खाली जात होता, भाडेकरूंच्या नळाला. पाइपचा जमिनीखालचा भागही प्लॅस्टिकचा झाल्यामुळे गिझरमधून गळणारी वीज मातीत उतरत नव्हती, सासूबाईंमधून उतरत होती.

"वहिनी, हा काय प्रकार?"

"गिझर बंद करा." तिनेच बटण दाबलं आणि जिन्यातून ओरडली, "दिवा?"

"गेला!" खालून नवऱ्याचा आवाज.

तिने परत चालू केलं. "आता?"

"लागला."

मालक क्षणभर विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमच्या घरात काहीच बिघाड नाही! मी पहिल्यापासून सांगत होतो."

"काका, तुमच्या गिझरने माणूस मेला असता."

"आम्हाला तर कधी झिणझिणीसुद्धा आली नाही."

"चला खाली. नळाला हात लावून दाखवा."

"आत्ता? मी ओला आहे हो."

"आईही अंघोळीला ओल्याच असतात, काका."

मालकांनी दोन्ही हात टॉवेलमागे नेले. मग समजूतदार सुरात म्हणाले, "असं करू, आजींची अंघोळीची वेळ कळवून ठेवा. तेवढा वेळ मी थांबेन. शेजारधर्म आहे."

"वायर कापा. आत्ता."

"तो पट्टीवाला आल्याशिवाय मी हात लावणार नाही. गिझर नवा आहे."

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत आल्या, मागे नवरा. त्या सरळ मालकांच्या दिवाणखान्यात गेल्या आणि मालकांच्या आरामखुर्चीत बसल्या.

"आजी, अहो..."

"आजी म्हणू नका. गिझर भिंतीवरून उतरेपर्यंत मी इथे आहे. बोलवा त्या पट्टीवाल्याला. दुपारी नाही, आत्ता."

मालक फोन शोधायला आत पळाले. मुलगा खुर्चीजवळ येऊन वाकला. "आई, झालं ते झालं. तिकीट रद्द करतो. खाली चल, चहा घेऊ."

"चहा?" सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "रोज सकाळी तू नळ धरून बघायचास. आईचा हात कधी धरून बघितलास?"

तो मालकांचं वर्तमानपत्र सरळ करू लागला.

"थोरल्याला फोन लाव."

"संध्याकाळी सांगतो ना सविस्तर."

"आत्ता लाव. आणि सांग, आईला काही झालेलं नाही, मीच मूर्खपणा केला. हेच शब्द."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती. त्याच्या मदतीला येण्याचा तिचा कोणताही विचार दिसत नव्हता. त्याने फोन लावला. पलीकडून उचलल्यावर तो भिंतीकडे वळला आणि घसा साफ करून पुटपुटला, "दादा, ते आईचं... म्हणजे तसं काही नव्हतं."

"स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा सांग."